लांजेवार सरांचा बडग्या

हे लिहिणं मी वर्षानुवर्षं टाळलं. कागद समोर घेतला की डोळ्यांत थेंब घालायची वेळ व्हायची, नाही तर कुंड्या कोरड्या पडल्याचं आठवायचं. म्हाताऱ्या माणसाला टाळाटाळ करायची असली तर साधनं भरपूर असतात, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाबही विचारत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चौघे-पाच जण घरी आले. मी या मंडळाचा माजी अध्यक्ष. त्यांनी आणलेली बातमी अशी की, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पार्ट्यांवर आपल्या भागात जो नियम आहे तसाच, पण अधिक कडक कायदा आता सगळ्या राज्यासाठी करायचा विचार चालू आहे. मंडळाला त्याला पाठिंबा द्यायचा होता.

"सर, मागच्या वेळी तुम्हीच पुढं होते," त्यांच्यातला एक म्हणाला. "मजकूर तुमच्याच हातचा पाहिजे. तुमच्या लेखणीले धार हाये."

असं म्हणून तो उठला, गॅलरीत गेला आणि तोंडातला तंबाखूचा खर्रा माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत थुंकून परत आला. तरुणांना नशेपासून वाचवायला निघालेला माणूस. मी नाही म्हणालो.

"काहून सर?"

"लांजेवार सरांमुळे."

ते एकमेकांकडे पाहू लागले. मग एकाला आठवलं. "अरे, तो बडग्यावाला मास्तर!" आणि सगळे हसले. मनापासून हसले, एखादी जुनी गंमत आठवावी तसे.

शालिकराम लांजेवार या माणसाचं नागपुरात एवढंच उरलं आहे, आणि जे उरलं आहे ते माझ्या हातचं आहे. म्हणून आता लिहितो.

लांजेवार आणि मी एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते कवायत. बुटके, काटक, पाय किंचित बाकदार. पायात कॅनव्हासचे बूट, आणि ते पांढरे ठेवायला माझ्या वर्गातले खडू. मागून नेत नसत, उचलून नेत. गळ्यात शिट्टी. तिची दोरी म्हणजे पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधतात तसल्या गोंड्याचं लाल सूत. ती शिट्टी त्यांनी मुलीच्या लग्नातही काढली नव्हती. अक्षता पडायच्या आधी मांडवात गोंधळ झाला तेव्हा वधुपित्याने शिट्टी मारून पाहुण्यांना रांगेत बसवलं होतं.

ते नागपूरजवळच्या कुहीकडचे. घरची धानाची शेती, भाऊ करायचा. बोलणं अस्सल तिकडचं, आणि शाळेत नोकरी लागली म्हणून त्यांनी त्याला इस्त्री केली नाही. मी तेव्हा शुद्ध बोलण्याच्या बाबतीत फार कडक होतो. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, त्याचा एक फुकटचा ताठा. मी एकदा त्यांना म्हणालो, "लांजेवार, विद्यार्थ्यांसमोर तरी 'मला' म्हणत जा."

"मले 'मला' म्हणता येते गा, मधुभाऊ," ते म्हणाले. "पण तसं म्हटलं की मलेच वाटते, दुसराच कोणी बोलून राहिला."

ते काही संत नव्हते, हे आधीच सांगतो. तोंड फाटकं. रागावले की शिक्षकांच्या खोलीत असे शब्द काढायचे की बाया उठून जायच्या. हट्टी. पैजा लावणारे. आणि खर्रा! सुपारी-तंबाखू-चुन्याची ती पन्नी तळहातावर घासत ते मैदानभर फिरायचे. मुलांना मात्र व्यसनावर भाषण द्यायला त्यांनी कायम नकार दिला. "मी सोता याचा गुलाम. कोण्या तोंडानं सांगू?" म्हणायचे. शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण मीच द्यायचो. मला कसलंच व्यसन नव्हतं. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, याला व्यसन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची एक गोष्ट मुलांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. पंधरा ऑगस्टच्या कवायतीचा सराव चालू होता. पाऊस गेलेला, ऊन तापलेलं, अंगाला चिकटणारा उकाडा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा दंडक होता की सराव संपेपर्यंत कोणी पाण्याला जायचं नाही, पाणी प्यायला सोडलं की शिस्त मोडते. रांगेतली एक मुलगी डुलायला लागली. लांजेवारांनी शिट्टी मारली. "डाव्या बाजूनं, नळाकडं, चाल!" सगळी शाळा कदम मिळवत नळावर गेली आणि पाणी पिऊन कदम मिळवत परत आली. मुख्याध्यापक वरच्या मजल्यावरून ओरडत होते. लांजेवारांनी खालून विचारलं, "तहान लागली हा गुन्हा होय का, साहेब?"

त्यांना तंबी मिळाली. पुढच्या वर्षापासून मैदानाच्या कडेला पाण्याचा ड्रम आला. तो आणायला परवानगी कोणी दिली, कोणालाच ठाऊक नाही.

आणि पाणी देण्याची ही सवय शाळेपुरती नव्हती. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा ते चौकात ड्रम मांडून बसायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हे फक्त आमच्या नागपुरात आहे. काळी मारबत, पिवळी मारबत अशा मोठ्या मूर्ती निघतात आणि त्यांच्याबरोबर वस्त्यावस्त्यांतल्या पोरांनी केलेले बडगे, म्हणजे पुतळे. महागाईचा, साथीच्या रोगाचा, लाचखोर माणसाचा. "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत ते गावभर फिरवायचे आणि शेवटी जाळायचे. गावातली पीडा गेली असं समजायचं. पोरं घामानं निथळत असतात. लांजेवार त्यांना पाणी द्यायचे, आणि जो बडग्या चांगला केलेला असेल त्याला शिट्टी मारून सलामी.

आता संगीताकडे येतो.

शाळेत रुपेश नावाचा मुलगा होता. कवायतीत त्याचा पाय कधी जुळला नाही. सगळ्यांचा डावा तेव्हा याचा उजवा. पण घरच्या संगणकावर तो ठेके तयार करायचा. एका स्नेहसंमेलनात लांजेवारांनी लेझीम बसवली आणि ढोलाऐवजी रुपेशचे ते ठेके लावले. मी तेव्हा पर्यवेक्षक होतो. तालमीत जाऊन मी म्हणालो, "हा ढणढणाट बंद करा. हे संगीत आहे का?"

"मधुभाऊ, तुम्ही कधी मंडईत दंडार पाहिली का?" त्यांनी विचारलं. दिवाळीनंतर त्यांच्या भागात गावोगाव मंडई भरते आणि शेतकरी ओळ धरून दंडार नाचतात. मी पाहिली नव्हती. "एकच ठेका राहते. तोच, तोच, तोच. धान कापून थकलेला माणूस त्याच्यात शिरते अन् हलका होऊन निघते. या पोरानं त्याच ठेक्याले वायर लावली. तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

संमेलनात त्या लेझमीला लोकांनी पुन्हा पुन्हा टाळ्या दिल्या. रुपेश यंत्रामागे उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा पाय बरोबर पडत होता. मी अहवालात लिहिलं : 'पारंपरिक लेझीम नृत्यास उत्स्फूर्त प्रतिसाद.' यंत्राचा उल्लेख नाही. बघा, तेव्हापासूनच.

आम्ही दोघे निवृत्त झालो. रुपेश इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पार्ट्या करायला लागला. त्याला जागा मिळेना. लांजेवारांनी स्वतःच्या वाटणीचं शेत दिलं. धान निघाल्यावर बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कोरड्या पडलेल्या असतात, तिथे. ही गोष्ट वसाहतीत पसरली तेव्हा आमच्याकडे तिला तोंडी लावायला जे जे काही शक्य होतं ते सगळं लावलं गेलं. म्हातारा चळला. म्हातारा पोरी पाहायला जाते. मी हे ऐकायचो आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचो.

एका हिवाळ्यात ते मला म्हणाले, "एक डाव येऊन पाहा. मंग बोला."

मी गेलो. दुपार उतरत होती. दुरूनच ठेका ऐकू येत होता, आधी छातीत आणि मग कानात. शेतात तरुण मुलं-मुली नाचत होती. डोळे मिटून, आपापल्यात. खरं सांगायचं तर मला ते नाचणं कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण कळलं नाही म्हणून बंद करायचं, असं ठरवलं तर माझ्या वयाच्या माणसाला निम्मं जग बंद करावं लागेल.

लांजेवार एका मोहाच्या झाडाखाली होते. तिथे सतरंज्या, पाण्याचे ड्रम, मीठ-साखरेचं पाणी, लिंबं, पंखे. बांधाच्या पलीकडे, रस्त्याला तोंड करून, रुग्णवाहिका उभी. चालक बिडी ओढत बसलेला. एका मुलीला तिच्या मैत्रिणी धरून घेऊन आल्या. तिचे हात थरथरत होते, नजर ठरत नव्हती. लांजेवार तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय घेतलं वं बाई? सांग. मी तुह्या बापाले फोन नाही करत."

ती मैत्रिणीच्या मागे तोंड लपवू लागली.

"मारत नाही मी तुले. घेतलं ते घेतलं. मले फक्त नाव सांग, म्हणजे डॉक्टरले सांगता येईन."

तिने सांगितलं. त्यांनी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला हाक मारली, तिला आडवं केलं, ओला पंचा कपाळावर ठेवला. ती सावरेपर्यंत ते हलले नाहीत. मग तिच्या मैत्रिणींकडे वळून त्यांनी अशी शिवी दिली की मी मान फिरवली. "इले एकटीले सोडलं तर याद राखा," म्हणाले.

मी हे सगळं पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी, पाच हातांवरून पाहिलं. परत येताना मी त्यांना म्हणालोसुद्धा, "लांजेवार, तुम्ही चांगलं काम करता आहात." ते फक्त खर्रा घासत होते.

पुढे प्रशासनाने अशा पार्ट्यांवर नवा नियम करायचं ठरवलं आणि मसुदा लोकांसमोर ठेवला. आमच्या मंडळात तो मीच वाचून दाखवला. 'विद्युत यंत्रांवर निर्माण केलेल्या व एकाच ठेक्याची पुनरावृत्ती करणाऱ्या संगीतावरील जमाव' अशी व्याख्या होती. लग्नाची वरात, धार्मिक मिरवणूक यांना सूट. जिथे नशेचा पदार्थ सापडेल तिथला जागामालक आणि आयोजक गुन्हेगार. इथपर्यंत ठीक म्हणा हवं तर. पुढचं कलम असं होतं की, आयोजकाने मोफत पाणी, विश्रांतीची जागा, डॉक्टर किंवा रुग्णवाहिका ठेवली असेल, तर नशेची त्याला आधीपासून कल्पना होती असं समजलं जाईल.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातल्या एकाच्या मुलाची वरात त्याच उन्हाळ्यात निघाली होती. वरातीच्या डीजेने आमच्या घराच्या कपाटाची काच तडकली होती आणि गाडीमागे झिंगलेले पाहुणे रस्त्यावर लोळत होते. मंडळाचे सन्माननीय सदस्य त्यांच्यात नाचत होते. मीही होतो. आम्हाला ती संस्कृती वाटली.

लांजेवार संध्याकाळी मसुदा घेऊन माझ्याकडे आले. बसलेही नाहीत.

"भजनातला ठेका काय दर डाव नवा असते का गा? अन् हे वाचलं का तुम्ही? पाणी ठेवलं तर चोर, नाही ठेवलं तर साव! अशानं होईन काय? पार्ट्या बंद नाही होत. पोरं थांबत नसतात. जो पाणी ठेवते तो माणूस बंद होते फक्त. उरते तो, ज्याले पोरं मेली काय अन् जगली काय, सारखंच."

"तुम्ही सुनावणीत बोला," मी म्हणालो.

"मी बोलीन. पण माह्यावर कोण भरोसा ठेवते? शेत माहं, शिट्टी माही. तुम्ही आले होते, तुम्ही पाहिलं. तुमच्या शब्दाले वजन हाये. फक्त पाहिलं ते सांगा. नाच चांगला, गाणं चांगलं, असं काही म्हणू नका. मोहाच्या झाडाखाली काय पाहिलं, तेवढं."

"बघू," मी म्हणालो.

'बघू' हा आमच्या वर्गाचा फार सभ्य शब्द आहे.

सुनावणी एका सभागृहात झाली. पहिल्या रांगेत मंडळाचे लोक, मधोमध मी. लांजेवार बोलायला उठले. त्यांना भाषण येत नव्हतं. मैदानावर ओरडायची सवय, त्यामुळे ध्वनिक्षेपक किंचाळायला लागला आणि लोक हसले. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. नशा विकणाऱ्याला पकडा, आवाजाला मर्यादा आधीच आहे ती पाळायला लावा, पार्टी उघड्यावर, परवानगीने, पाण्यासकट होऊ द्या. पण पाण्याला पुरावा करू नका. मग ते माझ्याकडे वळले.

"मधुभाऊ आले होते माह्या शेतात. त्यांनी पाहिलं. सांगा गा, मधुभाऊ."

सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मागून कोणीतरी कुजबुजलं, "अध्यक्ष पण जाते का पार्टीले?" आणि खसखस पिकली. तेवढंच. मला कोणी धमकी दिली नव्हती, माझी नोकरी जाणार नव्हती, मी निवृत्त माणूस. फक्त ती खसखस. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी एकदा तिकडून जात असताना थांबलो होतो. मला तसं काही दिसलं नाही."

लांजेवार तसेच उभे राहिले. पाठांतर विसरलेल्या मुलासारखे. मग त्यांनी शिट्टीची लाल दोरी बोटाला गुंडाळली, सोडली आणि खाली बसले.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला ज्याच्याविरुद्ध बोललो त्याचा राग यायला लागतो. सभागृहातून बाहेर पडताना मला लांजेवारांची चीड आली होती. यांनी माझं नाव घ्यायलाच नको होतं, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

मारबतीचे दिवस आले. वसाहतीतल्या पोरांनी आणि मंडळाने मिळून बडग्या केला. बांबूचा सांगाडा, वर कागद, पोट फुगवलेलं, उजवा हात वर उगारलेला, पायात पांढरे बूट, गळ्यात लाल सुतात लटकवलेली थाळीएवढी शिट्टी. सांगायची गरजच नव्हती. पोरं माझ्याकडे आली. "सर, पाटी लिहून द्या ना. तुमचं अक्षर झकास."

माझं अक्षर शाळेत प्रसिद्ध होतं. फळ्यावरचा रोजचा सुविचार मी लिहायचो, 'र'ला खाली एक लांब शेपूट देऊन. मी ब्रश घेतला आणि लिहिलं : 'पोरांना नाचवून बिघडवणाऱ्या मास्तराला घेऊन जा गे मारबत!' पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मिरवणुकीत आमच्या बडग्यापुढे भाड्याने आणलेली डीजेची गाडी होती. एकच ठेका, तोच, तोच, तोच. इलेक्ट्रॉनिक संगीताविरुद्धचा पुतळा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तालावर नाचत चालला होता आणि हे त्या गर्दीत एकाच्याही ध्यानात येत नव्हतं. गुलाल, घाम, डिझेलचा धूर. 

ते नेहमीच्या चौकात ड्रम मांडून बसलेले होते. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो की ते तिथे असतात. पोरंही विसरली होती. गाडी थांबली. समोर लांजेवार, वर लांजेवार. पोरांची ओरड घशातच राहिली.

त्यांनी मान वर करून पुतळा नीट पाहिला, जसे ते दरवर्षी सगळेच बडगे पाहायचे. "ढेरी भल्ली काढली गा माही," ते म्हणाले. "अन् हात चुकला. मी डावरा हाये." मग सांगाडा उचललेल्या पोरांकडे पाहून म्हणाले, "पाणी प्या आधी. किती घामेजले रे. एकेक जण या, रांगेनं."

आणि पोरं रांगेने गेली. खांद्यावर त्यांनाच घेऊन जाळायला चाललेली, त्यांच्याच हातचं पाणी प्यायली.

मी गाडीच्या आडोशाला होतो. त्यांनी पाटी वाचली. त्या शेपटीच्या 'र'वर त्यांची नजर थांबलेली मला दिसली. मग ती गर्दीतून फिरत माझ्यावर आली. ते ग्लास भरून माझ्यापर्यंत चालत आले.

"अक्षर अजून तसंच हाये, मधुभाऊ."

त्यांनी ग्लास पुढे केला. मी तो घेतला आणि प्यायलो. नको म्हणालो असतो, रडलो असतो, पाटी ओढून फाडली असती. काहीही केलं असतं तर आज स्वतःची एवढी किळस वाटली नसती. मी पाणी प्यायलो, ग्लास परत केला आणि मिरवणुकीबरोबर पुढे गेलो. बडग्या जळेपर्यंत थांबलो. त्या वर्षी त्यांनी कोणत्याही बडग्याला सलामी दिली नाही.

नियम लागू झाला. लांजेवार रस्त्याने निघाले की गल्लीतली लहान पोरं मागून ओरडायची, "घेऊन जा गे मारबत!" पोरांचा त्यात दुष्टपणा नव्हता, खेळ होता. काही दिवसांनी ते घर बंद करून कुहीकडे भावाजवळ निघून गेले. रुपेशने पार्ट्या सोडल्या आणि नोकरीसाठी गाव सोडलं.

पार्ट्या मात्र बंद झाल्या नाहीत. शेतातून उठल्या आणि बंद जागांत शिरल्या. पुढच्याच उन्हाळ्यात लकडगंजमधल्या एका रिकाम्या गोदामात एका मुलीचा जीव गेला. कॉलेजातली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शटर ओढलेलं, आत पंखा नाही, प्यायला पाणी नाही. पाणी ठेवणं म्हणजे पुरावा ठेवणं. तिच्याबरोबरच्यांनी मदतीला फोन केला तो फार उशिरा, कारण फोन करणाराच आधी अडकेल अशी त्यांना धास्ती. लांजेवारांनी माझ्या दारात उभं राहून जे सांगितलं होतं, ते सगळं जसंच्या तसं.

मंडळाच्या बैठकीत बातमी वाचली गेली. एक जण म्हणाला, "बरंच झालं एका अर्थी. आता तरी पोरं धडा घेतील." चहा आला. सगळ्यांनी फुर्र करून चहा प्यायला. मी अध्यक्षपद सोडलं, पण कारण प्रकृतीचं दिलं.

पुढे वर्ष उलटायच्या आत लांजेवारही गेले. जबड्याचा आजार, खर्ऱ्याने दिलेला. शाळेत शोकसभा झाली तेव्हा मला बोलायला सांगितलं. मी त्यांच्या शिस्तीवर बोललो. पाण्याचा उल्लेख केला नाही. सभेनंतर एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "किती छान बोलले, सर." मी नमस्कार केला.

त्याआधीची शेवटची भेट राहिली. ती सांगतो आणि थांबतो.

लकडगंजचं ते घडल्यानंतरच्या पावसाळ्यात मी कुहीला गेलो होतो. माफी मागायलाच गेलो होतो. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. ते फार सोपं होतं : 'सर, मी पाहिलं होतं.' बाकी काही म्हणायची गरज नव्हती.

रोवणी चालू होती. बांधीत बाया वाकून रोपं लावत होत्या आणि लांजेवार बांधावर बसले होते. गालाभोवती दुपट्टा गुंडाळलेला, शब्द अर्धे आतच राहात होते. गळ्यात शिट्टी होतीच.

"या ना गा, मधुभाऊ," ते म्हणाले. जसा काही मी रोजच येत होतो. त्यांनी घरून चहा मागवला. आम्ही पावसाचं बोललो, माझ्या गुडघ्याचं बोललो. त्यांच्या मागे ते मोहाचं झाड होतं. मी एकसारखा त्या झाडाकडे पाहत होतो आणि माझं ते पाहणं लांजेवार पाहत होते.

मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीजवळ पाणी होतं का गा, तिथं?"

मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बांधीतल्या पाण्यात हात बुडवून ते उठले. मग म्हणाले, "चला, तुमची गाडी चुकन."

रस्त्यापर्यंत ते सोबत आले. आम्ही पोचेपर्यंत बस थांब्यावरून निघाली होती. त्यांनी गालावरचा दुपट्टा खाली ओढला. तो सुजलेला, काळवंडलेला गाल मला तेव्हा दिसला. दुखत असणार, भयंकर दुखत असणार. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि मारली. आमच्या मैदानावर जिने आख्खी शाळा थांबायची, तीच शिट्टी. बस थांबली. वाहकाने दारातून डोकं काढलं.

"जा गा सावकाश. थांबते तो," लांजेवार म्हणाले आणि बस सुटू नये म्हणून डावा हात वर करून उभे राहिले.

बस थांबली होती. वाहकाला घाई नव्हती. ते हात वर करून उभे होते आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. चार शब्द होते.

मी बसमध्ये चढलो. मागच्या काचेतून पाहिलं तर वळणापर्यंत त्यांचा हात वरच होता.

सर, मी पाहिलं होतं.